शेतराखणीसाठी ट्रॅप कॅमेऱ्याची निवड

हरभरा घाट्यावर आला आणि तुरीच्या शेंगा भरू लागल्या, की विदर्भातील जंगलालगतच्या गावांत जागल सुरू होते. दिवसभर राबलेला शेतकरी रात्र मचाणावर काढतो. एखाद्या रात्री डोळा लागतो आणि सकाळी पाहावे तो शेताचा कोपरा साफ झालेला असतो. नुकसान कोणी केले असे विचारले, तर एक जण रोही म्हणतो, दुसरा रानडुक्कर म्हणतो, तिसरा चितळांच्या कळपाकडे बोट दाखवितो. उत्तर निश्चित नसते; कुंपणाचा खर्च मात्र होऊन जातो.

चूक होते ती येथेच. रानडुक्कर कुंपणाच्या तळाशी मुसंडी मारून आत शिरते. चितळ व रोही कमी उंचीचे कुंपण वरून ओलांडतात. पहिल्यासाठी तळ पक्का हवा, दुसऱ्यांसाठी उंची हवी. शत्रू न ओळखता घातलेले कुंपण म्हणजे रोगाचे निदान न करता केलेली फवारणी होय. यास्तव कुंपणापूर्वी ओळख करून घ्यावी, आणि या कामी ट्रॅप कॅमेरा हे आज उपलब्ध असलेले उपयुक्त साधन आहे.

हे साधन मुळात नवे नाही. अमेरिकेतील जॉर्ज शिरास यांनी बंदूक बाजूस ठेवून रात्री हरणांची छायाचित्रे घेतली. ती १९०६ साली ‘नॅशनल जिऑग्राफिक’ मासिकात प्रसिद्ध झाली. भारतातही १९२०च्या दशकात वनाधिकारी चॅम्पियन यांनी वाटेवर तार ताणून वाघांकडूनच वाघांची छायाचित्रे काढविली. २०१८च्या व्याघ्रगणनेत देशभर २६,८३८ ठिकाणी असे कॅमेरे लावण्यात आले होते. अमेरिकेत हरणांचे शिकारी मोसमापूर्वी हरणांच्या वाटा व वेळा जाणून घेण्यासाठी हे कॅमेरे वापरतात. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने शिकारीस बंदी केलेली आहे. म्हणून येथे त्याचा उपयोग राखणीपुरताच करावयाचा आहे, हे आरंभीच स्पष्ट असावे.

कॅमेरा निवडताना ग्राहक प्रथम मेगापिक्सेलचा आकडा पाहतो. ही दिशाभूल आहे. पुष्कळ स्वस्त कॅमेऱ्यांत लहान चित्र फुगवून मोठा आकडा छापलेला असतो. शेतकऱ्यास जनावर ओळखता आले म्हणजे पुरे. खरे महत्त्व पुढील चार गोष्टींस आहे.

पहिली गोष्ट चाहूल घेण्याची. जनावराच्या अंगाची उष्णता व भोवतालची उष्णता यांतील फरक हलताना दिसला, की कॅमेरा जागा होतो. तो जागा होण्यास वेळ लागला, तर चित्रात केवळ शेपूट येते किंवा नुसता बांध येतो. अर्ध्या सेकंदाच्या आत चित्र घेणारा कॅमेरा निवडावा. भर उन्हाळ्यात हवाच अंगाइतकी तापते व चाहूल मंदावते, हेही ध्यानात ठेवावे.

दुसरी गोष्ट रात्रीच्या प्रकाशाची. हे कॅमेरे डोळ्यांस सहसा न दिसणारा अवरक्त प्रकाश टाकतात. ८५० नॅनोमीटरचा प्रकाश लांबवर पोहोचतो, परंतु दिव्यांचा मंद लाल ठिपका दिसतो. ९४० नॅनोमीटरचा ठिपका दिसत नाही, मात्र त्याचा पल्ला कमी असतो. चोरीचे भय असेल तेथे दुसरा प्रकार बरा.

तिसरी गोष्ट सेलची. कॅमेऱ्याची किंमत एकदाच द्यावी लागते. सेलचा खर्च पुनःपुन्हा येतो. पुन्हा भरता येणारे सेल दीर्घकाळात स्वस्त पडतात. परंतु त्यांचा दाब १.२ व्होल्ट असतो, साध्या सेलचा १.५; काही कॅमेऱ्यांचा रात्रीचा प्रकाश त्यामुळे मंदावतो. आपला कॅमेरा ते चालवितो की नाही, हे विक्रेत्यास आधी विचारावे.

चौथी गोष्ट टिकाऊपणाची. झाकणाची रबरी पट्टी घट्ट बसते का, कुलूप लावण्याची सोय आहे का, पावतीवर हमीची मुदत लिहिली आहे का, हे पाहूनच पैसे मोजावेत. मोबाइलवर चित्र पाठविणारा कॅमेरा आकर्षक वाटतो. तथापि शेतात जाळे मिळत नसेल तर तो जादा खर्च व्यर्थ होय.

कॅमेरा घेतल्यावर पहिल्याच रात्री पाच, दहा व पंधरा मीटरवरून त्याच्यासमोरून चालून पाहावे. जो माणसाचे चित्र घेऊ शकत नाही, तो चितळाचे काय घेणार? पुढे तो गुडघ्याहून थोडा उंच, जनावरांच्या वाटेकडे तिरपा, उत्तरेस किंवा दक्षिणेस तोंड करून बांधावा. समोरचे गवत कापावे. अन्यथा वाऱ्याने हलणाऱ्या गवताचीच शेकडो चित्रे जमतात. कॅमेरा स्वतःच्या शेतातच लावावा, वनहद्दीत परवानगीवाचून लावू नये.

‘कॅमेरा काही जनावर हाकलीत नाही, मग त्यावर पैसा का घालावा?’ असा आक्षेप घेतला जातो. तो रास्त आहे. कॅमेरा राखणदार नव्हे. परंतु जनावर कोणते, कोणत्या बाजूने व किती वाजता येते हे तो सांगतो. मग जागल रात्रभर न करता नेमक्या प्रहरी करता येते, आणि कुंपण योग्य बाजूस व योग्य प्रकारचे घालता येते. तारखेसह असलेले चित्र नुकसानभरपाईच्या पंचनाम्यासही आधार देऊ शकते. मात्र त्यासाठी घड्याळ अचूक लावलेले असावे. शिवाय प्रत्येकाने स्वतंत्र कॅमेरा घेण्याचे कारण नाही. एका शिवारातील चार-पाच शेतकऱ्यांनी मिळून एक घ्यावा व आठवड्याच्या पाळीने वापरावा. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी यात पुढाकार घेणे इष्ट ठरेल.

नैराश्यापोटी कित्येक ठिकाणी कुंपणात थेट वीज सोडली जाते. त्या तारेस रोही कोणते आणि पहाटे पाणी देण्यास निघालेला शेजारी कोणता, हे कळत नाही. तो गुन्हा आहे, आणि गेलेला जीव कोणत्याही पिकाने भरून येत नाही. अंधारात कोण येते हे एकदा उजेडात आले, म्हणजे असला अघोरी उपाय करण्याचे कारण उरत नाही.