तांब्याची तक्रार

घरातील चार-पाच जण एकत्र बसतात, प्रत्येक जण एकेका पात्राची बाजू घेतो आणि पाळीपाळीने कथा पुढे नेतो. असा कथाखेळ दिवाळीच्या सुट्टीत नातवंडांपासून आजोबांपर्यंत सर्वांना गुंतवून ठेवतो. त्याचा आरंभ एखाद्या ऐतिहासिक वस्तूपासून करावा, ही कल्पना उत्तम आहे. अडते ते निवडीपाशी. बहुधा पहिले नाव निघते कोहिनूरचे. ती निवड टाळावी. त्या हिऱ्याची हकीकत इतक्या वेळा सांगून झाली आहे की खेळणाऱ्यास सांगण्याजोगे काही उरत नाही. वस्तू अशी घ्यावी, जिच्यात एखाद्या साध्या माणसाचे काही पणाला लागले होते आणि ज्याचा निकाल अद्याप लागलेला नाही.

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये मातीची एक लहानशी पाटी आहे. तळहातावर मावेल एवढी. दोन्ही बाजूंनी कीलाक्षरांनी भरलेली. काळ इ. स. पूर्व १७५० च्या सुमाराचा, स्थळ आजच्या इराकमधील उर हे नगर. नन्नी नावाच्या ग्राहकाने एआ-नासिर या तांब्याच्या व्यापाऱ्यास लिहिलेले हे तक्रारपत्र आहे. चांगला माल देण्याचे कबूल करून हलके तांबे पुढे केले, पैसे मागण्यासाठी शत्रूच्या मुलखातून गेलेल्या माणसांना अपमान करून रिकाम्या हाती परत पाठविले, आणि यापुढे माल आपण आपल्याच अंगणात पारखून घेऊ, असा त्याचा आशय. पेढीवर बसणाऱ्या कोणासही ही भाषा परकी वाटणार नाही.

एवढ्यावरून एआ-नासिर लबाड ठरतो, आणि आज जगभर त्याची तशी थट्टाही होते. परंतु पत्र नीट वाचले की एक नोंद डोळ्यांत भरते. एआ-नासिरचे एक मिना, म्हणजे सुमारे अर्धा किलो, चांदीचे देणे स्वतः नन्नीकडेच बाकी आहे! नन्नी ती रक्कम क्षुल्लक म्हणतो आणि आपण एआ-नासिरच्या वतीने राजवाड्यात पाचशे किलोहून अधिक तांबे भरल्याचे बजावतो. शिवाय उभयतांमधील करार मोहोरबंद पाटीवर लिहून शमश देवाच्या मंदिरात ठेवलेला आहे, असाही उल्लेख येतो. येणे-देणे दोन्हीकडे आहे, दस्तऐवज आहे. नाही ती फक्त एआ-नासिरची बाजू. त्याचे उत्तर हाती आलेले नाही. सुमारे पावणेचार हजार वर्षे या व्यापाऱ्याची पत एकतर्फी कागदावर, खरे तर एकतर्फी मातीवर, टांगलेली आहे.

खेळ येथेच उभा राहतो. एकाने नन्नी व्हावे, एकाने एआ-नासिर, एकाने अपमानित होऊन परतलेला माणूस. कल्पनेस पूर्ण मोकळीक असावी. पण पाटीवर जे आहे ते कोणी मोडू नये, आणि तो काळ कसा होता याचा शोध खेळाआधी घ्यावा. कोणी नाण्यांची थैली कथेत आणली, तर दुसऱ्याने हरकत घ्यावी : नाणी त्यानंतर हजारावर वर्षांनी आली. तेव्हा चांदी तराजूत तोलली जाई. मग वजने खरी होती काय, तराजू कोणाचा होता, हे प्रश्न आपोआप उभे राहतात आणि कथा पुढे सरकते. माल समुद्रमार्गे दिलमून येथून, म्हणजे आजच्या बहरीनच्या परिसरातून, येत असे. तांबे तेथेच हलके मिळाले असेल काय? उरमधील ज्या घरात लिओनार्ड वूली यांच्या उत्खननात ही पाटी सापडली, तेथे इतर ग्राहकांचीही तगाद्याची पत्रे होती, हेही एआ-नासिरची बाजू घेणाऱ्याने लपवू नये. वकिली करावयाची तर पुराव्यासह करावी.

आपल्या भूमीशी नाते असलेली वस्तू हवी असेल, तर इटलीतील नेपल्सच्या संग्रहालयातील हस्तिदंती स्त्रीमूर्ती घ्यावी. उंची जेमतेम वीतभर. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेई नगरात ती १९३८ साली मिळाली. प्रथम तिला लक्ष्मी म्हटले गेले, पुढे यक्षी. तिच्याशी मिळत्याजुळत्या मूर्ती धाराशिव जिल्ह्यातील तेर आणि जालना जिल्ह्यातील भोकरदन येथे सापडल्या आहेत. पण तिच्या तळाशी खूण आहे ती वायव्य भारतात चालणाऱ्या खरोष्ठी लिपीची. म्हणजे ती घडली कोठे, हा वाद खेळातच लढवता येईल. पहिल्या शतकातील एका ग्रीक प्रवासवर्णनात, पेरिप्लसमध्ये, भडोचहून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर आणि तेथून पूर्वेस तगर, म्हणजेच तेर, आणखी दहा दिवसांवर असल्याचे नोंदले आहे. माल गाड्यांतून अवघड वाटांनी बंदरावर येई. डोक्यावरून आत गेलेले छिद्र पाहता ती आरशाची मूठ असावी किंवा एखाद्या आसनाचा पाय. पॉम्पेईत तिचा धनी कोण होता, हे त्याचे नाव सांगणारा कोणताही लेख सांगत नाही. आणि ज्या गाडीवानांनी, अडत्यांनी, नावाड्यांनी तिला तेथवर पोहोचविले, त्यांच्या भूमिका अद्याप रिकाम्या आहेत.