रिकामा रकाना

गेल्या श्रावणात माझी आजी वारली. चौथ्या दिवशी वडील मृत्यूच्या नोंदणीचा अर्ज घेऊन आले. घरात कॉलेजात जाणारी मी एकटीच, म्हणून तो भरण्याचे काम माझ्याकडे आले. नाव लिहिले, पत्ता विश्रांतवाडी, वय ६७. पुढच्या रकान्यात मृत व्यक्तीच्या आईचे नाव विचारले होते. मी वडिलांकडे पाहिले, वडिलांनी आत्याकडे. आत्या म्हणाली, "आम्ही तिला थोरली आईच म्हणायचो गं." गावाकडे फोन केले. कोणालाच सांगता आले नाही. तो रकाना रिकामाच राहिला.

त्या रिकाम्या रकान्याविषयीच मला चार शब्द लिहायचे आहेत.

माझी आजी बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातली. १९७२ च्या दुष्काळात, चौदा वर्षांची असताना, ती दुष्काळी कामावर खडी फोडीत होती. कामावर मिळणाऱ्या सुकडीची आणि लाल मिलोच्या भाकरीची चव ती शेवटपर्यंत सांगत असे. लग्नानंतर ती पुण्यास आली. विश्रांतवाडीत पत्र्याच्या खोलीत संसार मांडला आणि बांधकामावर घमेली वाहून तीन मुले वाढविली. पुढे माझी आई कामाला जाऊ लागली, तेव्हा आम्हा नातवंडांनाही तिनेच वाढविले. ज्येष्ठ वद्यात माऊलींची पालखी आळंदी रस्त्याने पुण्याकडे यायची असली की ती पहाटेच उठून वारकऱ्यांसाठी पिठले-भाकरी करी. भाकरी थापताना ओव्या म्हणे. त्यातल्या कित्येक तिच्या स्वतःच्या होत्या.

माझ्या मोबाईलमध्ये आजीची शंभरेक छायाचित्रे आहेत. ओवी एकही नाही. मैत्रिणी हसतील या संकोचाने मी कधी तिचा आवाज उतरवून घेतला नाही, हे मला कबूल केले पाहिजे.

मित्रमैत्रिणींनो, आपण आईची, आजीची आठवण कशी काढतो? 'त्यागमूर्ती', 'वात्सल्यसिंधू' असे शब्द वापरतो. हे शब्द कुठल्याही आजीला लागू पडतात, म्हणूनच ते कोणत्याच आजीचे नसतात. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली. ती आजही आपल्याला जवळची वाटते, कारण तीत नुसती स्तुती नाही. ती माऊली काय बोलली, केव्हा रागावली, काय करायला शिकविले, हे सारे त्यांनी आठवून लिहिले. पण त्या आईचे नाव विचारून पाहा. यशोदा, हे उत्तर वर्गात किती जणांना देता येईल?

दुसरे उदाहरण बहिणाबाई चौधरींचे. जळगावजवळच्या असोद्यात १८८० साली त्यांचा जन्म झाला. शाळा त्यांनी पाहिली नाही. ऐन तिशीत वैधव्य आले. शेतात राबताना, जात्यावर दळताना त्या गाणी रचीत. मुलगा सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी ती कागदावर उतरविली. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई गेल्या. १९५२ साली आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने 'बहिणाबाईंची गाणी' प्रसिद्ध झाली. २०१८ साली तर जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव देण्यात आले. घरातल्या शिकलेल्या मुलाने हातात लेखणी घेतली नसती, तर यातले काय उरले असते?

कोणी म्हणेल, प्रत्येक आजी काही बहिणाबाई नसते. मान्य आहे. माझ्या आजीच्या ओव्या थोर होत्या असा माझा दावा नाही. पण १९७२ च्या दुष्काळातून रोजगार हमी योजना कशी उभी राहिली, हे आपण पुस्तकात वाचतो. खडी फोडणाऱ्या चौदा वर्षांच्या मुलीच्या हाताला किती फोड आले आणि संध्याकाळी ती घरी काय घेऊन जाई, हे कोणत्या पुस्तकात आहे? ते ज्यांना ठाऊक, त्यांना लिहिता येत नव्हते.

१ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात, शासकीय कागदपत्रांसाठी, वडिलांच्या नावाआधी आईचे नाव लिहिण्याचा निर्णय राज्य शासनाने घेतला. निर्णय चांगलाच आहे. पुढच्या पिढीचा रकाना त्यामुळे रिकामा राहणार नाही. पण नावापुढचे आयुष्य कोणताही अर्ज विचारीत नाही. ते विचारण्याचे काम घरच्यांचेच आहे.

आणि घरच्यांत ते कोणाचे? ज्या घरांत दोन-तीन पिढ्या शिकलेल्या आहेत, तिथे जुनी पत्रे सापडतात, रोजनिशा सापडतात. आमच्यासारख्यांच्या घरात लिहिता येणारी पहिली माणसे आम्हीच. आम्ही शिकावे म्हणून जिने घमेली वाहिली, तिचे शब्द आम्ही लिहिले नाहीत, तर दुसरे कोण लिहिणार? पदवी मिळाल्यावर आम्ही नोकरीचे अर्ज भरू, ते भरलेच पाहिजेत. पण त्याआधी हे एक ऋण आहे, असे मला वाटते.

म्हणून एक सूचना करते. येत्या दिवाळीच्या सुट्टीत प्रत्येकाने घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या बाईजवळ रोज अर्धा तास बसावे, विचारावे आणि ती बोलेल तसेच, तिच्याच बोलीत लिहून घ्यावे. शुद्धलेखनाची भीती बाळगू नये. मराठी विभागातील प्राध्यापकांना विनंती, की पुढच्या अंकात या लेखनासाठी काही पाने राखून ठेवावीत.

मी वही घातली आहे. पहिल्याच दिवशी आईला तिच्या आजीविषयी विचारले. आई म्हणाली, "आजवर कोणी विचारलं नव्हतं गं." मग भांडी तशीच ठेवून ती दोन तास बोलत राहिली.