घाटाचा निकाल घड्याळाने लावू नये

मोर्शी तालुक्यातील रिद्धपूरपासून पश्चिमेस अकोल्यापर्यंत पसरलेला वऱ्हाडचा काळ्या जमिनीचा मुलूख इतका समतल आहे, की पहाटे येथील रस्त्यांवर धावण्याचा सराव करणाऱ्या माणसाला एखाद्या नाल्यावरील पूल किंवा लोहमार्गावरील उड्डाणपूल वगळता चढ म्हणून काही ठाऊकच नसतो. आणि ज्याला चढ ठाऊक नाही त्याचा घड्याळावरील विश्वास, स्वाभाविकपणेच, अढळ असतो. गेल्या काही वर्षांत अर्धमॅरेथॉनचा, म्हणजे २१.०९७५ किलोमीटर अंतराच्या शर्यतीचा, छंद आपल्या जिल्ह्यांतही चांगलाच रुजला आहे. शिक्षक, तलाठी, औषधविक्रेते, बँकेतील कारकून, क्वचित एखादे सेवानिवृत्त जमादार, अशी नाना पेशांची मंडळी सूर्योदयापूर्वी घराबाहेर पडतात, आणि परतल्यावर त्यांचा जो संवाद चालतो त्यात किलोमीटरमागे किती मिनिटे लागली, म्हणजे त्यांच्या परिभाषेत ‘पेस’ किती पडला, याखेरीज दुसरा विषय सहसा निघत नाही. या मंडळींविषयी माझ्या मनात आदरच आहे. जेथे वैशाखात पारा ४५ अंशांकडे झुकतो तेथे पहाटेची झोप मोडून धावणे हे लहानसहान व्रत नव्हे. तथापि हीच मंडळी सराव ऐन भरात असताना एखाद्या डोंगरी शर्यतीत उतरतात आणि परत येऊन ‘टाइमिंग बिघडलं’ म्हणून हळहळत बसतात, तेव्हा त्यांच्या हिशेबाच्या पद्धतीविषयी चार शब्द लिहिणे मला अगत्याचे वाटते.

डोंगरी शर्यत म्हटली की महाराष्ट्रात पहिले नाव साताऱ्याचे निघते. २०१२ साली सुरू झालेली सातारा हिल हाफ मॅरेथॉन शहरातून निघून यवतेश्वरच्या घाटाने कासच्या रस्त्यावर चढते आणि त्याच वाटेने माघारी उतरते. २०१५ साली एका डोंगरावर एका वेळी सर्वाधिक धावक उतरल्याबद्दल तिची गिनेसच्या दप्तरात नोंदही झाली. वऱ्हाडातून रात्रभराचा प्रवास करून तिकडे जाणारे धावक मला परिचित आहेत. सपाटीवर दोन तासांच्या आत अंतर तोडणारा माणूस त्या घाटात बरीच अधिक मिनिटे घालवून येतो, आणि गळ्यात पदक असूनही चेहऱ्यावर अपराध्याचा भाव घेऊन अमरावतीच्या फलाटावर उतरतो. अपराध कोणता, असे विचारले तर तो मनगट पुढे करतो.

वास्तविक त्या अधिकच्या मिनिटांची कैफियत शास्त्राने केव्हाच लिहून ठेवली आहे. इटलीचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ आल्बेर्तो मिनेत्ती आणि त्यांचे सहकारी यांनी, डोंगरी शर्यतींत मुरलेल्या धावकांना फिरत्या पट्ट्यावर चढ-उताराच्या नाना कोनांतून धाववून, दर मीटरमागे शरीराची किती ऊर्जा खर्ची पडते याची मोजदाद २००२ साली प्रसिद्ध केली. तिच्या आधारे गणित मांडले, तर शंभर मीटरला पाच मीटर चढणाऱ्या साधारण घाटरस्त्यावर सपाटीपेक्षा सुमारे ३० टक्के अधिक खर्च येतो, आणि तेवढ्याच उतारावर जी बचत होते ती मात्र जेमतेम एक चतुर्थांशाची. म्हणजे ज्या वाटेने चढलो त्याच वाटेने उतरलो तरी तूट राहतेच. ती भरून काढण्याचा कोणताही उपाय प्रामाणिक माणसाच्या हाती नाही. त्यात पावसाने निसरडा झालेला रस्ता आणि वळणावळणावरची गर्दी यांची भर पडते ती निराळीच. अशा स्थितीत सपाटीवरील वेळेला प्रमाण मानून घाटावरील वेळेचा निवाडा करणे, म्हणजे बागायतीच्या दराने जिरायती शेतावर सारा बसविण्यासारखे आहे; कोणत्याही शहाण्या जमाबंदी-अंमलदाराने ते केले नसते.

परंतु ऊर्जेचा हा हिशेब म्हणजे विषयाचा पूर्वार्ध झाला, आणि आमचे धावक ज्याची चर्चा करतात तो चढ मला उताराच्या मानाने गौण वाटतो. चढावर श्वास फुलतो, हृदय धडधडते, माणूस आपण श्रम करीत आहोत हे जाणतो आणि म्हणून स्वतःला जपतो. उतारावर श्वास मोकळा होतो, पाय आपोआप पडू लागतात, आणि चढावर गमावलेली मिनिटे येथे वसूल करावी असा मोह धावकाला पडतो. पण नेमक्या त्याच क्षणी मांडीच्या पुढील भागाचे स्नायू एका विलक्षण कामाला जुंपलेले असतात. एरवी स्नायू बळ लावतो तो आखडत असताना. उतारावर मात्र शरीर पुढे कोसळू नये म्हणून प्रत्येक पावलागणिक त्याला ताणले जात असतानाच बळ लावावे लागते, आणि या उलट्या श्रमाने त्याच्या सूक्ष्म तंतूंना इजा होते. तिची वर्दी त्या दिवशी मिळत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना चढता येतो पण कठड्याला धरल्यावाचून उतरता येत नाही, तेव्हा धावकाला घाटाची खरी ओळख पटते, आणि तो बिचारा चढालाच दोष देत बसतो.

या दुखण्याची एक उपकारक बाजू आहे, आणि सरावाच्या दृष्टीने तीच महत्त्वाची. उतारावर एकदा असा मार सोसलेला स्नायू पुढे कित्येक आठवडे तशाच श्रमाने पूर्वीइतका दुखावत नाही, हे प्रयोगांनी वारंवार सिद्ध झालेले आहे. आता अर्धमॅरेथॉनच्या अखेरच्या चार-पाच किलोमीटरांत काय होते ते आठवावे : दम शिल्लक असतो, पण मांड्या साथ सोडतात. ज्याने घाट उतरला आहे त्याच्या मांड्या या प्रसंगासाठी अगोदरच तयार झालेल्या असतात. न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियर्ड यांनी ही गोष्ट प्रयोगशाळांच्या पुष्कळ आधी केवळ अनुभवाने ओळखली होती. ऑकलंडजवळच्या वायटाकेरे टेकड्यांतून सुमारे ३५ किलोमीटरांचा चढ-उतारांचा फेरा ते आपल्या शिष्यांकडून दर आठवड्याला करवून घेत, आणि त्यातून केवळ ८०० मीटर धावणाऱ्या पीटर स्नेलचीही सुटका नसे. १९६० च्या रोम ऑलिम्पिकमध्ये स्नेलने ८०० मीटरचे आणि मरे हॅलबर्गने ५,००० मीटरचे सुवर्णपदक एकाच दिवशी मिळविले, व त्याच चमूतील बॅरी मॅगी मॅरेथॉनमध्ये तिसरा आला. त्या फेऱ्यात कोणाची किती मिनिटे बिघडली याची चौकशी आज कोणी करीत नाही.

तेव्हा माझे म्हणणे इतकेच, की डोंगरी शर्यत मुख्य शर्यतीच्या तीन-चार आठवडे आधी, त्या आठवड्यातील लांब धावेच्या जागी योजावी आणि पुढचा आठवडा हलका ठेवावा. चढावर सोबत्याशी तुटक का होईना पण वाक्य बोलता येईल इतपतच श्वास फुलू द्यावा. उतारावर पावले आखूड व जलद टाकावीत. जो ती जिंकण्याच्या ईर्ष्येने धावतो तो महिन्याचा सराव गमावतो, आणि जो तिला केवळ सहल समजतो त्याला घाट काही शिकवीत नाही.

चालण्याविषयी मात्र थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण आमच्या धावकांना चढावर चालणे ही मानहानी वाटते. छायाचित्रकार दिसला की चालणारा माणूस एकाएकी धावू लागतो, हे दृश्य कोणत्याही घाटावर पाहावे. तीव्र चढावर धावण्यापेक्षा भराभर चालणेच शरीराला स्वस्त पडते, आणि डोंगरी शर्यतींतले अव्वल धावकही अवघड टप्प्यांवर निःसंकोच चालतात. रिद्धपूरच्या माणसाला तर हे सांगण्याचे प्रयोजनच पडू नये. आज मराठी भाषा विद्यापीठामुळे ज्याचे नाव वृत्तपत्रांत वारंवार येते त्या या गावाची सारी परंपराच पायी चालण्याची आहे. गोविंदप्रभूंची येथे भेट झाल्यावर चक्रधर साळबर्डीच्या डोंगरात एकांतवासाला गेले आणि पुढे आयुष्यभर अटन करीत राहिले, असे महानुभाव परंपरा सांगते. त्यांच्या लीळा म्हाइंभटांनी ज्यांनी पाहिल्या-ऐकल्या त्यांना विचारून, ताडून, मग याच गावी ग्रंथबद्ध केल्या. त्या ग्रंथात माणसे गावोगाव चालताना दिसतात, आणि कोण आधी पोहोचला याची फिकीर त्यांत कोणालाच नसते. पहाटेच्या धावकाला पाहून पारावरचा एखादा म्हातारा ‘कायले पयता बाप्पा, मांगं वाघ लागला काय?’ असे विचारतो तेव्हा त्या प्रश्नात थट्टा असते खरी, पण थोडा विचार केला तर तो प्रश्न अगदीच गैरलागू नाही.

वाघाचा उल्लेख आलाच आहे तर आपल्या दारच्या डोंगराविषयीही बोलले पाहिजे. अमरावती शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ३४३ मीटर उंचीवर आणि चिखलदरा सुमारे १,११८ मीटरवर. मध्ये परतवाड्यापासून वर चढणारा घाट. एवढा चढ जिल्ह्यात असताना आमचा धावक सह्याद्रीकडे तिकीट काढून जातो याचे मला नवल वाटते. चिखलदऱ्याच्या घाटात एक नेटकी डोंगरी शर्यत भरावी, अशी माझी सूचना आहे. तिला सर्वांत वजनदार हरकत मेळघाटची आहे : १९७४ पासून व्याघ्रप्रकल्प असलेल्या या अरण्याच्या सान्निध्यात ध्वनिवर्धक, नाचगाणी आणि पाण्याच्या प्लास्टिक बाटल्यांचा सडा यांना यत्किंचितही मुभा देता कामा नये, आणि शहरी मॅरेथॉनचा जो थाट आपण पाहतो तो तसाच उचलून घाटात नेणार असू तर शर्यत न भरलेलीच बरी. परंतु वनखात्याच्या परवान्याने, सूर्य चांगला वर आल्यावर, मोजक्या धावकांसह आणि प्रत्येकाने आपला पेला आपल्या कमरेला बांधून धावावे अशा अटीवर ती भरविणे अशक्य नाही. १९१४ साली स्थापन झालेले आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके करून आलेले हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ ज्या शहरात आहे, तेथे जाणकारांची वाण पडू नये. मेळघाटातील कोरकू मुलामुलींना प्रवेशशुल्क मात्र संपूर्ण माफ असावे. नाशिक जिल्ह्यातील सावरपाड्याच्या डोंगराळ वस्तीतून आलेल्या कविता राऊतने २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्यपदक मिळविले. ज्यांना चढ-उतार जन्मापासून परिचित आहेत त्यांच्या पायांत काय दडलेले असते हे पाहण्याची संधी आपल्या जिल्ह्याने अद्याप म्हणावी तशी घेतलेली नाही.

अशी शर्यत कधी भरलीच, तर निकालपत्रकासंबंधी एक तजवीज सुचवून ठेवतो. माथ्यावर वेळेची नोंद घ्यावी आणि चढणीचा व उतरणीचा असे दोन रकाने स्वतंत्र छापावेत, म्हणजे कोणी चढावर उतावीळ केली आणि कोणी उतारावर तोल सांभाळला हे ज्याचे त्याला कळेल. एकूण वेळेचा रकाना आयोजकांना टाळवतच नसेल, तर तो अगदी शेवटी आणि बारीक टायपात असावा.