घरातलं चाक
घरी कुंभाराचं चाक असलं की सर्वांत मोठी सोय होते ती भांडं सुकताना. पावसाळ्यात कप दोन दिवस ओलसर राहतो, एप्रिलमध्ये दुपारपर्यंत कडक होतो; कान जोडायची नेमकी वेळ घरात वावरणाऱ्यालाच साधते. धारावीच्या कुंभारवाड्यात राहणं आणि घडवणं आजही एकाच छपराखाली चालतं. पण मातीसोबत घरात धूळही येते. तिच्यातले सिलिकाचे सूक्ष्म कण फुप्फुसांत कायमचे रुततात. म्हणून स्टुडिओत झाडू नकोच, ओलं फडकं हवं. धुळीसारखाच प्रश्न भट्टीचाही: स्टोनवेअरची भट्टी १२०० अंश सेल्सिअसच्या पुढे जाते. तिचा धूर-वाफ थेट बाहेर जायला हवी. घरच्या स्टुडिओला कारखान्याहून कडक शिस्त लागते, कारण तिथल्या हवेत लहान मुलंही श्वास घेतात.