ही सूट कोण देतंय?

गेल्या पाच-सहा वर्षांत मी बाहेर पूर्ण पैसे देऊन किती वेळा जेवलो, ते बोटांवर मोजता येईल. पुण्यात नोकरीला लागल्यापासून सवयच झाली. टेबलावर बसायचं आणि मेनूकार्ड उघडायच्या आधी फोन उघडायचा. एकावर एक फ्री आहे का, फ्लॅट पन्नास टक्के आहे का, अमुक बँकेच्या कार्डावर अजून काही सुटतंय का, ते बघायचं. नसेल तर उठून शेजारच्या हॉटेलात. यात कमीपणा तर नव्हताच, उलट ग्रुपमध्ये जो सगळ्यात कमी बिल पाडेल तो हुशार.

शिवाय हा माझा धंदाही होता. मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे आणि दोन वर्षं मी कुपनं चालवणारा कोड लिहिला. कुपन कुणाला दाखवायचं, किती वेळा चालवायचं, किमान किती बिलावर चालवायचं, कोणत्या दिवशी बंद ठेवायचं, हे सगळं त्यात येतं. आणि प्रत्येक कुपनाच्या नोंदीत आणखी एक रकाना होता: सवलतीचा भार कुणावर. कंपनीवर किती टक्के, बँकेवर किती, हॉटेलवाल्यावर किती. हा रकाना हिशेब बघणाऱ्यांना दिसायचा. ग्राहकाच्या स्क्रीनवर तो कधीच येत नव्हता.

माझं म्हणणं एवढंच आहे, की तो स्क्रीनवर यायला हवा. आणि तो येत नाही तोवर आपण जिला बचत म्हणतो, ती बऱ्याचदा दुसऱ्याच्या खिशातून काढलेली असते, हे तरी आपण कबूल करायला हवं.

मला हे कळलं ते ऑफिसात नाही, मामांच्या गल्ल्यावर.

माझं घर दौंडचं, आजोळ शिरूरचं. मामांचं नगर रोडला, रांजणगाव ओलांडल्यावर शिरूरकडे येताना हॉटेल आहे. बारा टेबलं, एक आचारी, भाकरीला दोन बायका, तीन पोरं वाढायला. गिऱ्हाईक तीन प्रकारचं. एमआयडीसीतले कामगार, महागणपतीच्या दर्शनाला आलेली कुटुंबं, आणि पुणे-नगर करणाऱ्या गाड्या. एके दिवशी एका ॲपचा पोरगा आला. माझ्याच वयाचा. मामांनी मला फोन केला, "अरे इंजिनियर, हे कुपनचं काय असतं? घेऊ का?"

मी म्हणालो, "घ्या मामा. टेबल रिकामं राहण्यापेक्षा अर्ध्या पैशात भरलेलं बरं."

ही चूक माझी, म्हणून ती आधी सांगून टाकतो.

आता हिशेब बघा. मटण थाळी तेव्हा ३२० रुपयांना होती. एका थाळीत दीडशे ग्रॅम मटण. ८०० रुपये किलोनं ते झालं १२० रुपयांचं. भाकरी, भात, रस्सा, वाटण, तेल, गॅस धरून आणखी ६०. म्हणजे एका थाळीचा नुसता माल १८० रुपयांचा. एकावर एक फ्रीमध्ये दोन थाळ्या गेल्या, माल लागला ३६० चा आणि गल्ल्यात आले ३२०. बिल ॲपमधून भरलं गेल्यामुळे त्यावर पाच टक्के कमिशन, म्हणजे १६ रुपये, आणि त्या कमिशनवर १८ टक्के जीएसटी. साध्या हॉटेलांना २०१७ च्या नोव्हेंबरपासून पाच टक्के जीएसटी आहे, पण इनपुट टॅक्स क्रेडिट नाही. त्यामुळे कमिशनवरचा कर परत मिळत नाही, तोही अंगावरच. एकूण दोन माणसं जेवून, खूश होऊन गेली की मामांना साधारण ५९ रुपयांचा खड्डा. आचाऱ्याचा पगार, लाइट बिल, जागेचं भाडं यांचं अजून नावही घेतलेलं नाही.

रिकाम्या टेबलाचं गणित खोटं नाही. मंगळवारी दुपारी चार वाजता कुणीच नसताना कुणी अर्ध्या पैशात चहा-भजी खाल्ली तर चार रुपये सुटतील. पण कुपन मंगळवारी चार वाजता कोण वापरतं? ते निघतं रविवारी. ते निघतं अंगारकीला, जेव्हा मामांच्या दारात तसंही लोक उभे असतात. पूर्ण पैसे देणारं कुटुंब बाहेर ताटकळत असतं आणि आतलं टेबल तोट्यात जेवत असतं.

मग गर्दीच्या दिवशी कुपन बंद का ठेवलं नाही? ती सोय होती. पण ती वापरली की यादीत हॉटेल खाली जायचं. जास्त सूट देणारा वर, कमी देणारा खाली. ही क्रमवारी लावणारा कोड कसा असतो हे मला चांगलं माहीत आहे, मीही तसाच लिहिलेला आहे. आमच्या मीटिंगमध्ये याला 'प्रोत्साहन' म्हणायचे.

चार महिन्यांनी मामांनी तेच केलं जे अशा वेळी सगळे करतात. थाळी ३८० ची केली. मटणाचे तुकडे पाचाचे चार झाले. वाढणारा एक पोरगा कमी केला. मी हे मामांच्या कौतुकानं सांगत नाही. त्यांनी गिऱ्हाइकाला फसवलंच. पण फसलं कोण ते बघा. कुपनवाल्याला थाळी अजूनही १९० ला पडत होती. ३८० मोजत होता तो कारखान्यातला कंत्राटी कामगार, जो महिन्यातून एकदा पगाराच्या दिवशी मित्रांबरोबर मटण खायला यायचा. त्याच्याकडे ते ॲप नव्हतं, सवलतीचं क्रेडिट कार्ड नव्हतं, वर्षाची मेंबरशिप तर नव्हतीच. पाऊण लाख पगार घेऊन गाडीतून उतरणाऱ्या माझ्यासारख्याच्या जेवणाचे साठ रुपये बसनं येणारा तो माणूस भरत होता.

ही माझी सगळ्यात मोठी तक्रार आहे. सूट म्हटलं की आपल्याला वाटतं, गरिबाला थोडं स्वस्त. हे कुपन उलटं चालतं. ज्याला गरज कमी त्याला स्वस्त, आणि वाढलेला भाव बाकीच्यांना.

हे फक्त नगर रोडवरच्या एका हॉटेलचं रडगाणं नाही. १५ ऑगस्ट २०१९ ला गुरुग्राममधल्या शेकडो हॉटेलवाल्यांनी 'लॉगआउट' नावाची मोहीम सुरू केली आणि ती बघता बघता मुंबई-पुण्यासह इतर शहरांत पसरली. रोख मुख्यतः झोमॅटो गोल्डवर आणि तसल्या मेंबरशिप योजनांवर होता. गोल्ड २०१७ मध्ये आलं होतं: जेवणावर एकावर एक, पेयांवर दोनावर दोन. मेंबरशिपची फी कंपनीकडे जात होती, फुकटची डिश हॉटेलवाला देत होता. नॅशनल रेस्टॉरंट असोसिएशन ऑफ इंडिया या मोहिमेच्या मागे उभी राहिली. कंपनीच्या प्रमुखांनी काही चुका मान्य केल्या, वापरावर मर्यादा घालायची तयारी दाखवली. योजनेची नावं पुढे बदलत गेली. याच संघटनेनं २०२१ मध्ये दोन मोठ्या डिलिव्हरी कंपन्यांविरुद्ध स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली आणि एप्रिल २०२२ मध्ये आयोगानं चौकशीचा आदेश दिला. त्यातला एक मुद्दा असा होता, की हॉटेलवाल्यानं स्वतःच्या दारातही ॲपपेक्षा स्वस्त विकू नये अशी करारातली अट.

मुळात ही कल्पना अमेरिकेतली. ग्रुपॉन २००८ मध्ये शिकागोत सुरू झालं, आणि त्याची पहिली ऑफर पिझ्झ्याचीच होती. २०१० मध्ये पोर्टलंड शहरातल्या एका छोट्या कॅफेच्या मालकिणीनं लिहिलं, की १३ डॉलरचा माल ६ डॉलरला देणारी कुपनं विकल्यानंतर पगार आणि भाडं भागवायला तिला स्वतःच्या बचतीतले ८,००० डॉलर काढावे लागले. आपल्याकडेही हे ग्रुपॉन आलं. सप्टेंबर २०१३ मध्ये, कांदा साठीच्या घरात असताना, त्यांनी ९ रुपये किलोनं कांदा विकला. तासाभराच्या आत माल संपला आणि गर्दीनं वेबसाइट बंद पडली. ती बातमी तेव्हा गंमत म्हणून वाचली गेली. शिरूरच्या माणसाला ती गंमत वाटायला नको. कांद्याला भाव आला की शहराला तो खुपतो, आणि ९ रुपयांचा कांदा बघून कुणी विचारत नाही की वरचे पन्नास रुपये कोण भरतंय. त्या वेळी ते कंपनीनं भरले, जाहिरातीसाठी. पण सवय आपल्याला लागली.

आता कुणी म्हणेल, याला कुपनच नको आहेत. तसं नाही. दौंडला स्टेशनजवळ एक काकू मेस चालवायच्या. आमच्या शेजारचा एक पोरगा तिथं जेवायचा. महिन्याचे पैसे आगाऊ, हातात एक कार्ड, जेवलं की त्यावर खूण. बाहेरच्या थाळीपेक्षा बरंच स्वस्त. हे सवलतीचं कुपनच आहे. पण इथं काकूंना काय मिळायचं ते स्पष्ट होतं: एक तारखेला रोख रक्कम, जिच्यात गहू-तांदूळ-तेल एकदम भरता यायचं, आणि उद्या किती ताटं लागणार याचा पक्का आकडा. अन्न वाया जात नाही, उधारी नाही, म्हणून भाव कमी. गावाला जायचं असेल तर आदल्या दिवशी सांगायचं, खाडा मिळायचा. न सांगता गेलात तर खाडा नाही. एवढाच नियम, दोघांना पाठ. मी लिहिलेल्या कुपनांच्या अटी चौदा कलमांच्या होत्या आणि त्या वाचलेला माणूस मला अजून भेटलेला नाही.

दुसरं उदाहरण सरकारी. १९९५ मध्ये राज्यात एक रुपयात झुणका-भाकर आली. २६ जानेवारी २०२० ला शिवभोजन थाळी सुरू झाली: दोन चपात्या, भाजी, वरण, भात, दहा रुपयांत. थाळीची किंमत धरली होती शहरात ५० आणि ग्रामीण भागात ३५ रुपये. दहा ग्राहकाचे, उरलेले ४० किंवा २५ अनुदानाचे. या योजनांवर टीका करण्यासारखं पुष्कळ आहे. पण वरचे पैसे कोण देणार हे पहिल्या दिवसापासून कागदावर होतं, आकड्यासकट. त्यामुळे ते वेळेवर आले नाहीत तर केंद्रचालकाला कुणाकडे भांडायचं हे माहीत असतं. मामांनी कुणाकडे भांडायचं?

एक आक्षेप मला मित्रांकडून नेहमी ऐकू येतो. "तुझ्या मामांना कुणी बंदूक लावली होती का? सही स्वतःच केली ना?" केली. पण शेजारच्या दोन हॉटेलांनी आधीच केली होती. यादीत नाव नसेल तर गाडीवाल्यासाठी तुम्ही त्या रस्त्यावर अस्तित्वातच नाही. सगळ्यांनी सही केल्यावर कुणालाच जास्तीचं गिऱ्हाईक मिळत नाही, फक्त सगळ्यांचा भाव अर्धा होतो. पहिल्यानं सही केली ती फायद्यासाठी, दहाव्यानं केली ती भीतीपोटी. दोन्ही सह्या कागदावर सारख्याच दिसतात.

दुसरा आक्षेप: "आम्ही काय फुकट पैसे वाटायचे? स्वस्त मिळतंय तिथं खाणार." जरूर खा. मी स्वतः अजून कुपनं वापरतो. मी कुणाला उपाशी राहायला किंवा दान करायला सांगत नाही. पण निदान माहिती असू द्या. कपड्याच्या दुकानात सेल लागला तर आपल्याला कळतं, की दुकानदार जुना माल काढतोय. इथं तेवढंही कळत नाही. कंपनी किंवा बँक जाहिरातीवर खर्च करत असेल तर बिनधास्त घ्या, दोनदा घ्या. पण तीच सूट आचाऱ्याच्या पगारातून येत असेल, तर ती घेताना हात थोडा अडखळायला हवा. आज दोन्ही सवलती स्क्रीनवर एकाच रंगात, एकाच अक्षरात दिसतात.

म्हणून मागणी साधी आहे. कुपनाखाली एक ओळ दाखवा: 'या सवलतीतले इतके रुपये कंपनीचे, इतके बँकेचे, इतके हॉटेलचे.' हे अवघड आहे असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. मी ज्या सिस्टिमवर काम केलं तिथं ही माहिती तयार होती, ती दाखवायला एक दुपार पुरली असती. मी ते एकदा मीटिंगमध्ये सुचवलं होतं. "युजरला कशाला कन्फ्यूज करायचं?" एवढंच उत्तर मिळालं आणि पुढचा विषय निघाला. मीही गप्प बसलो. तेव्हा मामा सही करून बसले होते आणि मला पगारवाढ हवी होती.

ती ओळ येईपर्यंत एक काम तुम्ही करू शकता. छोट्या हॉटेलात कुपन काढण्याआधी गल्ल्यावरच्या माणसाला विचारा, "याचे पैसे तुम्हाला परत मिळतात का?" उत्तर ऐका आणि मग ठरवा. मी विचारतो. 'हो, निम्मे मिळतात' असं एकदा ऐकलं, तेव्हा कुपन वापरलं. बाकीच्या वेळी बहुतेक जण नुसते हसतात, आणि काय ते कळतं.

मामांनी आठ महिन्यांनी ॲप सोडलं. थाळीत पाचवा तुकडा परत आला, पण भाव ३८० चाच राहिला, कारण तोवर मटणही महागलं होतं. कमी केलेला पोरगा परत आला नाही, तो सणसवाडीला एका गोदामात लागला. ऑनलाइन पानावर 'क्वांटिटी कमी' असा शेरा अजून आहे. तो लिहिणाऱ्यानं फुकटच्या थाळीबद्दल लिहिलंय, पण वाचणाऱ्याला ते कसं कळणार?

मी गेलो की मामा माझ्याकडून पैसे घेत नाहीत. मी भांडतो, ते ऐकत नाहीत. ती सूट कोण देतंय, ते मात्र मला समोर दिसतं.