पोट पडलं. पण पुढे काय होतं, ते कुणी सांगितलं?

आपल्याकडे तिसरा महिना संपेपर्यंत दिवस गेल्याची बातमी बाहेर फुटू द्यायची नाही, अशी रीत आहे. बहुतेक गर्भपात नेमके याच काळात होतात. म्हणजे जे आहे हेच कुणाला ठाऊक नव्हतं, ते गेल्याचं सांगायचं कुणाला? बाई चार दिवसांनी कामावर हजर होते आणि विचारलं तर ‘जरा बरं नव्हतं’ म्हणते.

आणि आम्ही डॉक्टर? ‘ठोके दिसत नाहीत’ असं सांगून गोळ्या घ्यायच्या, पिशवी साफ करायची की वाट पाहायची, एवढं विचारतो. डिस्चार्ज कार्डावर लोहाच्या गोळ्या आणि ‘आठ दिवसांनी दाखवणे’ असं लिहितो. मीही बरीच वर्षं एवढंच लिहीत होतो. हे चूक आहे, असं माझं आता स्पष्ट मत आहे.

एक तर आपल्याकडे शब्दाचाच घोळ. आपोआप झालेला तो ‘गर्भपात’ आणि करवून घेतलेला तोही ‘गर्भपात’. त्यामुळे ‘हिने काहीतरी केलं असणार’ ही कुजबुज फुकटात मिळते. मग शोध सुरू होतो. पिकलेली पपई, स्कूटर, जिना, उचललेली बादली, सासूशी झालेलं भांडण. खरं कारण ऐका. कळून आलेल्या दर शंभर गर्भधारणांपैकी साधारण दहा ते वीस अशाच संपतात. पहिल्या तीन महिन्यांत जे गर्भ जातात, त्यातल्या निदान निम्म्यांत गुणसूत्रांची जुळणीच बिघडलेली असते. तो गर्भ वाढणारच नव्हता. तुम्ही बादली उचलली नसती, तरीही नाही.

आता कार्डावर नसलेल्या गोष्टी. रक्तस्राव थांबत थांबत दोन आठवडे चालू शकतो. पण तासाला दोन पॅड भिजत असतील आणि असं दोन तास चाललं, ताप आला, घाण वास आला किंवा चक्कर आली, तर सकाळची वाट पाहू नका, लगेच दवाखाना गाठा. रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शन लागेल का, हे त्याच दिवशी विचारा. लागणार असेल तर ते ७२ तासांच्या आत घेतलेलं बरं. लघवीची तपासणी काही आठवडे पॉझिटिव्हच येऊ शकते. त्यावर आशाही धरू नका आणि घाबरूही नका. पाळी बहुधा चार ते सहा आठवड्यांत येते. त्याआधीही पुन्हा दिवस जाऊ शकतात. इतक्यात नको असतील, तर साधन आधीच विचारून ठेवा.

सगळ्यात जिव्हारी लागते ती वेगळीच गोष्ट. चौथ्या-पाचव्या महिन्यात गर्भ गेला, तर दोन-तीन दिवसांनी पान्हा फुटतो. रिकाम्या हातांनी घरी आलेल्या बाईचा ब्लाउज भिजतो आणि हे होणार आहे, असं तिला कुणीही सांगितलेलं नसतं. त्यावर औषध आहे. निदान आधी सांगायला तरी काय हरकत होती?

नोकरी करत असाल तर हेही माहीत असू द्या. गर्भपातानंतर सहा आठवड्यांची पगारी रजा १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यापासूनच आहे. डॉक्टरांचा दाखला मात्र मागून घ्या.

एकदा असं झालं म्हणून पुढच्या वेळीही होईल, असं नाही; बहुतेकींना पुढे सुखरूप मूल होतं. दोनदा झालं तर थायरॉइड, साखर, गर्भाशयाचा आकार अशा तपासण्या करून घ्या. मात्र ‘अगं, होईल की दुसरं’ हे वाक्य नातेवाइकांनी सध्या गिळावं. ती या गेलेल्यासाठी रडते आहे. नवराही रडत असेल, फक्त बाथरूममध्ये. झोप उडाली, अन्न नकोसं झालं, जगणंच नको वाटू लागलं, तर टेलि-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. तो फुकट आहे आणि तिथे मराठीतून बोलता येतं.

आणि आठ दिवसांनी दाखवायला जाल, तेव्हा प्रश्न कागदावर लिहून न्या. डॉक्टर घाईत असले तरी खुर्चीवरून उठू नका.