खातेक्रमांक ही संख्या नव्हे

“उतारा एक्सेलमध्ये मिळेल का?” ही विचारणा आता शाखेतील कोणत्याही टेबलापाशी ऐकू येते. ग्राहकाच्या दृष्टीने ती एक कळ दाबण्याची बाब असते. पडद्यामागे मात्र बरेच काही घडते. संगणक प्रणालीत प्रत्येक व्यवहार हा एक ‘ऑब्जेक्ट’ असतो. खातेक्रमांक, दिनांक आणि रक्कम यांची जणू बांधलेली जुडी. जावा भाषेतील ‘अपाचे पीओआय’सारख्या लायब्ररीच्या साहाय्याने ही जुडी सोडवून एकेक घटक एक्सेलच्या चौकटीत मांडला जातो.

तो कोणत्या रूपात मांडावा, हे मात्र लायब्ररी ठरवीत नाही. आज्ञावली लिहिणारा ठरवितो. खरी जबाबदारी तेथेच आहे.

खातेक्रमांकात केवळ अंक असतात, म्हणून तो संख्या म्हणून लिहिला, तर आरंभीची शून्ये गळून पडतात. एक्सेल संख्येचे पंधराच सार्थ अंक राखते. त्यामुळे सोळा अंकी क्रमांकाचा शेवटचा अंक शून्य होऊन बसतो. दिनांकाला स्वरूप न दिल्यास १ एप्रिल २०२५ च्या जागी ४५७४८ असा आकडा उमटतो. यावर कोणी म्हणेल, मग सारेच मजकूर म्हणून लिहावे. पण तसे केल्यास रकमांच्या रकान्याची बेरीज शून्य येते!

फाइलच्या प्रकारालाही मर्यादा आहे. जुन्या एक्सएलएस फाइलमध्ये ६५,५३६ ओळी मावतात, तर एक्सएलएसएक्समध्ये १०,४८,५७६. इंग्लंडमध्ये २०२० साली या जुन्या मर्यादेपायी कोविडच्या १५,८४१ रुग्णांची नोंद वेळेवर पुढे गेली नाही, आणि त्यांच्या संपर्कातील व्यक्तींचा शोध लांबला. फाइल उघडत होती, दिसतही नीट होती. उणीव होती ती न दिसणाऱ्या ओळींची.

आपल्या व्यवसायात तर इलेक्ट्रॉनिक हस्तांतरणाची रक्कम खातेक्रमांकाच्या आधारेच जमा होते. एखाद्या लहान कारखान्याच्या पगारपत्रकात एक अंक बदलला, तर कोणा कामगाराचा पगार परत येईल, किंवा भलत्याच खात्यात जाईल.

म्हणून माझे स्पष्ट मत असे, की ज्याची बेरीज करावयाची तीच संख्या. खातेक्रमांकांची बेरीज कोणी करीत नाही. ते खात्याचे नाव आहे व मजकूर म्हणूनच लिहिले गेले पाहिजे. प्रत्येक फाइलच्या शेवटी नोंदींची एकूण संख्या व एकूण रक्कम द्यावी, आणि ती मूळ प्रणालीशी ताडल्याखेरीज फाइल ग्राहकाच्या हाती जाऊ नये. ग्राहकांनीही फाइल उघडताच हे दोन आकडे व आपला खातेक्रमांक पाहून घ्यावा.

पूर्वी खतावणीची प्रत उतरविणारा लिपिक मूळ व प्रत शेजारी ठेवून टिचक्या मारीत असे. लेखणीची जागा लायब्ररीने घेतली आहे. त्या टिचकीची गरज मात्र सरलेली नाही.